साफ रंग, मैली जबान

दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरण्याचे दिवस होते. उर्दू माध्यमाच्या ज्या शाळेत मी शिकवते, तेथे वर्गशिक्षिका म्हणून हे काम माझ्याकडे असते. सगळ्या मुलांचे फोटो जमा झाले, एकाचा येईना. रोज विचारले की मान खाली. शेवटी त्याची अम्मी आली. पाकिटातून जपून फोटो काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मुलगा ओळखूच येईना. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर चेहरा इतका पांढरा केला होता, की गाल एका रंगाचे आणि कान दुसऱ्या रंगाचे. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "टीचर, ये फोटूच नै निकालता था. साफ करके देंगे तो निकालता बोल्या. बच्चे इसकू हबशी बोल्ते ना."

मी गप्प राहिले. कारण बोलणारे फक्त 'बच्चे' नव्हते. दोन महिन्यांपूर्वी मी हजेरी घेत असताना या मुलाचे नाव उच्चारताच मागच्या बाकावरून आवाज आला, "हबशी हलवा हाजिर है!" वर्ग खो खो हसला. मीही हसले. हजेरीपट तोंडासमोर धरून हसले, पण हसले. मुलांना एवढे पुरते. टीचर हसली म्हणजे परवानगी मिळाली. त्या दिवसापासून 'हबशी' हे त्याचे नावच झाले. त्याचे खरे नाव मी येथे देत नाही.

वाचकहो, हा लेख मी कोणा दुसऱ्याविरुद्ध लिहीत नाही. तो माझ्या आणि तुमच्या जबानीविरुद्ध आहे.

त्या माउलीच्या तोंडून आलेला 'साफ करके' हा शब्द ऐका. उर्दूत गोऱ्या रंगाला 'साफ रंग' म्हणतात. म्हणजे सावळा रंग आपोआप मळका ठरला. माझ्या बाजीला पाहायला आलेल्या एक खातून चहा-बिस्किटे संपवून उठताना म्हणाल्या होत्या, "लडकी तो माशाल्लाह अच्छी है, बस रंग जरा दबा हुआ है." दबा हुआ! जणू बाजीने काही गुन्हा केला आणि तो दाबून ठेवला. मराठीचीही तीच तऱ्हा. 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस' या वाक्यातला 'तरी' कधी नीट ऐकला आहे का? २०२० मध्ये जगभरातून टीका झाल्यावर 'फेअर अँड लव्हली'ने आपले नाव 'ग्लो अँड लव्हली' केले. डबीवरचे नाव बदलले, रिश्ता घेऊन येणाऱ्या खालांची जबान बदलली नाही.

त्या फोटोनंतर मी स्टाफरूममध्ये हा विषय काढला. शाळेत 'हबशी', 'कालू', 'काल्या', 'चिंकी' हे शब्द बंद करायचे, असे म्हटले. वाटले होते, सगळे माना डोलावतील. झाले उलटेच. एवढीशी गोष्ट मी मोठी करते आहे, असे सर्वांचे मत पडले. चार युक्तिवाद पुढे आले. हेच चार युक्तिवाद मी शादीखान्यात, मोहल्ल्यात, शिकल्यासवरल्या लोकांच्या बैठकीतही ऐकले आहेत. म्हणून त्यांचा एकेक करून समाचार घेते.

पहिला युक्तिवाद: आम्ही प्यार से बोलतो.

वेस्ट इंडीजला दोनदा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघाकडून खेळत असे. तेथे त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'कालू' म्हणत. सॅमीला वाटायचे, या शब्दाचा अर्थ ताकदवान असा काहीतरी असेल. तोही हसायचा. २०२० मध्ये त्याला खरा अर्थ कळला आणि तो संतापला. पुढे एका सहकाऱ्याने आपण प्रेमानेच म्हणत होतो असे त्याला समजावले आणि सॅमीने मोठ्या मनाने विषय संपवला. आता मला सांगा, प्रेमाच्या शब्दाचा अर्थ कळल्यावर माणूस दुखावतो का? मी कोणाला 'जान' म्हटले आणि वर्षांनी त्याला अर्थ कळला, तर तो खूशच होईल. ज्या शब्दाचा अर्थ समोरच्याला कळेपर्यंतच मैत्री टिकते, तो प्रेमाचा शब्द नव्हे. आणि मोठे मन दाखवण्याची जबाबदारी दर वेळी ज्याला लागले त्याचीच का? फेकणाऱ्याचे मन कधी मोठे व्हायचे?

दुसरा युक्तिवाद: शब्द वाईट नाही, शब्दकोशात आहे. हबशी म्हणजे हबशा देशाचा. यात शिवी कुठे आली?

खरे आहे. हबशी म्हणजे हबशाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. एवढेच नव्हे, मक्केत मुसलमानांचा छळ सुरू झाला तेव्हा इ. स. ६१५ च्या सुमारास पहिली हिजरत झाली ती हबशाकडेच. तेथील ख्रिस्ती राजा नज्जाशीने त्या निराश्रितांना आसरा दिला. त्या अर्थाने 'हबशी' ही पदवी व्हायला हवी होती. पण माझ्या वर्गातल्या मुलाने हा इतिहास मनात ठेवून आवाज दिला होता का? शब्दाचा जन्म कुठे झाला यावरून नव्हे, आज तो कोणाच्या तोंडून कोणाच्या अंगावर जातो यावरून त्याचा अर्थ ठरतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच घरातल्या शब्दाचा आहे. 'काफिर' हा अरबी शब्द. अर्थ, इन्कार करणारा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणारे अरब व्यापारी तेथील मुसलमान नसलेल्या काळ्या लोकांना या नावाने ओळखू लागले. पोर्तुगीजांनी तो त्यांच्याकडून उचलला. गोव्यात आफ्रिकन गुलाम आले तेव्हा कोकणीत त्याचा 'खाप्री' झाला आणि काळ्या माणसाला हिणवण्यासाठी तो आजही वापरला जातो. तिकडे दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या तोंडी जाऊन तो त्या देशातली सर्वांत विषारी शिवी बनला. इतकी विषारी, की २०१८ मध्ये मदतीला आलेल्या काळ्या पोलिसांवर या शब्दाचा भडिमार करणाऱ्या एका गोऱ्या बाईला न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. आता ती बाई कोर्टात उभी राहून म्हणाली असती, की साहेब, मूळ अरबी अर्थ पाहा, तर आपण ऐकून घेतले असते का?

आणि शब्दकोशाचाच दाखला द्यायचा तर 'लांडा' हा शब्दही मराठी शब्दकोशात आहे. शेपूट तुटलेला, आखूड असा त्याचा निरुपद्रवी अर्थ दिलेला असतो. तो शब्द एसटीत, बाजारात, क्रिकेटच्या मॅचनंतर नाक्यावर आपल्यावर फेकला जातो, तेव्हा कोणी शब्दकोश उघडून दाखवला तर आपले समाधान होते का? होत नसेल, तर हा न्याय त्या मुलालाही लावा.

तिसरा युक्तिवाद सर्वांत लाडका: इस्लाममध्ये काळा-गोरा भेदच नाही.

इस्लाममध्ये नाही, हे मी मानते. पण इस्लाममध्ये नाही म्हणजे मुसलमानात नाही, हे गणित कोणत्या बी.एड. कॉलेजात शिकवतात? अखेरच्या हजच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असे सांगावे लागले, ते समोर बसलेल्यांना सांगण्याची गरज होती म्हणूनच. बुखारी शरीफमध्ये हजरत अबू जर (र.) यांचा प्रसंग आहे. रागाच्या भरात त्यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवले. ती व्यक्ती म्हणजे हजरत बिलाल (र.) आणि हिणवणे होते त्यांच्या आईच्या काळ्या रंगावरून, असे भाष्यकार सांगतात. पैगंबर (स.) यांनी अबू जर यांना 'प्रेमाने म्हटले असेल' म्हणून सोडून दिले नाही. तुझ्यात जाहिलियत अजून शिल्लक आहे, असे स्पष्ट सुनावले. एवढ्या थोर सहाबींमध्ये ती शिल्लक राहू शकते, तर आपल्यात ती मुळीच नाही, हा दावा करणारे आपण कोण? सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांना वाईट नावे ठेवण्याची मनाई आहे. ही आयत आम्ही मुलांना पाठ करायला लावतो आणि पुढच्या तासाला 'ए कालू, फळा पूस' म्हणतो.

या प्रसंगाशी विलक्षण मिळती घटना २०१९ च्या जानेवारीत डर्बनला घडली. पाकिस्तानचा तेव्हाचा कर्णधार सरफराज अहमद यष्टींमागून दक्षिण आफ्रिकेच्या फेहलुकवायोला उर्दूत 'काले' म्हणाला आणि त्याच्या आईचाही उल्लेख केला. स्टंपजवळच्या माइकने ते जगाला ऐकवले. सरफराज हाफिजे कुरआन आहे. तोच रंग, तीच आई, चौदाशे वर्षांनंतर! त्याने माफी मागितली, फेहलुकवायोला भेटून हात मिळवला, आयसीसीने चार सामन्यांची बंदी घातली. माफी मागितली हे चांगलेच झाले. पण ती बातमी ऐकून आपल्या मोहल्ल्यात काय चर्चा झाली ते आठवा. 'एवढ्याशा शब्दावरून केवढी शिक्षा!' म्हणजे आपल्याला शिक्षा मोठी वाटली, शब्द मोठा वाटला नाही.

बिलालची अजान आपण मिलादच्या जलशात मोठ्या अभिमानाने सांगतो. दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी सांगतो, की पाहा, आमच्याकडे समता आहे. बिलाल आपल्यासाठी सनद झाले, आरसा झाले नाहीत. आणि सनद दाखवताना हेही लपवतो, की हबशी माणसे अरबस्तानच्या आणि दख्खनच्या बाजारात गुलाम म्हणून आली, ती विकणारे आणि विकत घेणारे यांत आपलेही लोक होते.

मी ज्या शहरात शिकवते ते आजचे छत्रपती संभाजीनगर, कालचे औरंगाबाद. ते मुळात १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले मलिक अंबरने. हबशात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला पोचलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. शहराला त्याने नहरीने पाणी आणले. शेतसाऱ्याची घडी बसवली. गनिमी काव्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले. जहांगीर त्याला जिवंतपणी कायमचा नमवू शकला नाही. मग बादशहाने काय केले? आपल्या आत्मचरित्रात त्याला काळ्या रंगावरून दूषणे दिली आणि दरबारी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, ज्यात तो स्वतः मलिक अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. मुंडके कधी हाती लागलेच नाही, कागदावर मात्र लागले. ज्याला हरवता येत नाही त्याला रंगावरून शिवी द्यायची, ही रीत अशी बादशाही आहे. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याचा मकबरा आहे. दरवर्षी आमच्या शाळेची सहल तेथे जाते. मुले रांगेने उभी राहून फातिहा पढतात आणि परतीच्या बसमध्ये आपल्या सोबत्याला 'हबशी' म्हणून चिडवतात. हे आम्ही शिक्षक समोरच्या सीटवर बसून ऐकतो.

चौथा युक्तिवाद मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो खोटा नाही. तो असा: आधी त्यांनी आम्हाला 'लांड्या' म्हणणे थांबवावे. आमच्या वस्तीला 'मिनी पाकिस्तान' म्हणणे थांबवावे. मग आम्हाला शिकवा.

हे दुःख मला पुस्तकातून कळलेले नाही. डी.एड.ला असताना हॉस्टेलच्या मेसमध्ये एक मैत्रीण माझ्यासमोरच दुसरीला म्हणाली होती, 'ती लांड्यांची असली तरी स्वच्छ राहते.' ती वाईट मुलगी नव्हती. परीक्षेच्या वेळी तिने मला आपल्या नोट्स दिल्या होत्या. तिने ते कौतुकानेच म्हटले होते. तो घास घशाखाली उतरला नाही, तो आजही उतरलेला नाही. ते शब्द म्हणणारे दोषी आहेतच. आपण सुधारलो तर ते सुधारतील, अशी भाबडी आशा मी बाळगत नाही. आपली जबान साफ होईपर्यंत त्यांना जाब विचारू नये, असेही मी म्हणत नाही. जाब जरूर विचारा, मीही विचारते.

पण त्या मुलाने आपले काय बिघडवले आहे? मेसमधल्या वाक्याचा हिशेब मी माझ्या वर्गातल्या काळ्या पोराकडून वसूल करायचा का? जो शब्द अंगावर झेलतो, त्याला दुसऱ्याची जखम आधी कळायला हवी. आपले उलट होते. वरून आलेला दगड आपण खाली फेकतो आणि त्याला न्याय म्हणतो. त्या मैत्रिणीचा 'तरी' आणि 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस' मधला 'तरी' एकच आहे, हे मला कळायला पंधरा वर्षे लागली, याची आज शरम वाटते.

कोणी म्हणेल, शब्दच तर आहे, शब्दाने कोणी मरत नाही. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा नीडो तानिया दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये पत्ता विचारायला थांबला. दुकानदारांनी त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टिंगल केली. त्यातून भांडण, मारहाण आणि मृत्यू. तो जेमतेम विशीचा होता. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियनाचा खून झाल्यावर वातावरण तापले, तेव्हा तेथील एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली, मग माफी मागितली. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या वसंतकुंज भागात रिक्षावरून झालेल्या वादात काँगोच्या एका तरुणाला ठार मारण्यात आले. तो फ्रेंच शिकवायचा. माझ्यासारखाच शिक्षक. हात उगारण्याआधी समोरच्याचे माणूसपण काढून घ्यावे लागते आणि ते काम शब्द करतात. शब्द फुकट असतो, म्हणून तो आधी येतो.

मग कायदा करा, असे सुचवणारेही आहेत. कायद्याने काही होते, सगळे होत नाही. ईशान्येकडील अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला 'चिंकी' म्हणणे ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, असे केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना कळवले. नीडोच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनेही कायदा कडक करण्याची शिफारस केली. तरी शब्द बंद झाला का? आणि माझ्या वर्गातल्या मुलासाठी कोणता पोलीस येणार? पण एक कायदा आम्हा शिक्षकांना लागू आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७. मुलाला शारीरिक शिक्षा करू नये, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच कलमात मानसिक छळाचीही मनाई आहे, हे सोयीने विसरले जाते. माझा मुलगा दहावीत, म्हणून तो कदाचित या कायद्याच्या वयोमर्यादेबाहेर असेल. पण चौदा वर्षांनंतर मुलाचे मन दगडाचे होते, असे कुठे लिहिले आहे?

म्हणून मी मागते ते थोडे आहे आणि घरापासून आहे. शिक्षकाने मुलाला त्याच्या नावानेच हाक मारावी, पूर्ण आणि बरोबर उच्चारून. वर्गात असा शब्द आला, तर हसू नये आणि छडीही उगारू नये. तास थांबवून तो शब्द फळ्यावर लिहावा, त्याचा प्रवास मुलांना सांगावा. भाषेचा धडा याहून चांगला कोणता? खुलताबादच्या सहलीआधी मलिक अंबरचा एक तास घ्यावा. खतीबसाहेबांनी बिलाल यांच्या अजानसोबत अबू जर यांची चूकही सांगावी. रिश्ता पाहायला जाणाऱ्या माता-भगिनींनी 'रंग साफ है?' हा प्रश्न विचारण्याआधी आपल्या मुलाची जबान साफ आहे का, ते पाहावे. आणि आपण जे लिहितो, त्यांनी कथेतल्या खलनायकाला काळा आणि नायिकेला गोरी करण्याचा आळस सोडावा.

तो पांढरा फोटो बोर्डाच्या फॉर्मला चालणार नव्हता. मी मुलाला बोलावून शाळेच्या भिंतीसमोर उभे केले आणि मोबाइलवर फोटो काढला. त्याआधी त्याची माफी मागितली, एकट्यात नव्हे, वर्गासमोर, कारण हसले होते तेही वर्गासमोरच. तो काही बोलला नाही. मागच्या बाकावर शांतता होती. फोटो पाहून त्याने फक्त विचारले, "टीचर, साफ आया क्या?"

मी म्हटले, "हां बेटा, तेरे जैसाच आया."

त्याने मान हलवली. त्याचे समाधान झाले की नाही, मला सांगता येत नाही. हजेरीपटात त्याचा नंबर सतरावा आहे. रोज सतरा नंबरला पोचले की मी मान वर करून वर्गाकडे पाहते.